यूएक्स म्हणजे यूआयचं भारदस्त नाव नव्हे

‘स्क्रीन देखणी केली की यूएक्स झालं’ हा समज नाशिकच्या ऑफिसांतही वर्षानुवर्षं फिरतोय. ‘यूआय/यूएक्स’ असं जोडनाव पडल्यामुळे तर जास्तच. यूआय (युजर इंटरफेस) म्हणजे स्क्रीनवर दिसणारं रूप; यूएक्स (युजर एक्स्पीरियन्स) म्हणजे ते वापरताना माणसाला येणारा सगळा अनुभव. १९९३ साली ॲपलमध्ये गेलेले डिझाइन-अभ्यासक डॉन नॉर्मन यांनी ‘युजर एक्स्पीरियन्स’ हा शब्द रूढ केला, तो मुळात इंटरफेस हा शब्द तोकडा वाटला म्हणूनच.

समजा, निफाडच्या शेतकऱ्याला लासलगावचा कांद्याचा भाव दाखवणारं ॲप आहे. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाचा मजकूर भर उन्हात दिसत नाही. ही यूआयची चूक. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो. डिझायनरांचा लाडका फिकट करडा (रंगाचा कोड #९९९९९९) पांढऱ्यावर जेमतेम २.८५ देतो. रंग गडद करा, पाच मिनिटांचं काम.

पण ॲप नुसता कमाल भाव दाखवत असेल तर? बहुतेक माल सरासरीच्या आसपास जातो. त्यातून भाव कालचा की आजच्या सकाळच्या लिलावाचा, हेही लिहिलेलं नाही. शेतकरी ट्रॅक्टर भरून निघतो आणि भाड्यातच मार खातो. इथे अक्षरं कितीही सुबक असोत, अनुभव फसलाच. किमान, कमाल, सरासरी तिन्ही भाव क्विंटलमागे द्या, शेजारी तारीख-वेळ. जवळच्याच पिंपळगाव बाजाराचा भावही तिथेच हवा, कारण खरा निर्णय ‘कुठे न्यायचं’ हाच असतो.

आणि तपासताना ‘ॲप आवडलं का?’ विचारू नका. लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘उद्या २० क्विंटल न्यायचेत, कुठे न्याल?’ असं विचारा, फोन त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. बोट कुठे अडतं ते दिसेल.