'आमच्या लहानपणी' आणि शेकोटी

पौषातल्या थंडीत शेतात हुरड्याची आगटी पेटली, की काळोख पडेपर्यंत बोलणं पिकाचं, भावाचं, मजुरांचं असतं. मग कुणीतरी 'आमच्या लहानपणी' म्हणतं आणि बोलण्याचा सूरच बदलतो. असा बदल दूर आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात एका संशोधिकेने चक्क मोजला आहे.

मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी 1974 मध्ये तिथल्या जुहोआन्सी लोकांमध्ये राहून त्यांची संभाषणं टिपून ठेवली होती. तेव्हा शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारी ही माणसं. दिवसाची आणि रात्रीची मिळून 174 संभाषणं विस्नर यांनी तपासली आणि 2014 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा 34 टक्के बोलणं गाऱ्हाण्यांचं आणि उखाळ्यापाखाळ्यांचं, 31 टक्के पोटापाण्याचं. गोष्टींचा वाटा अवघा 6 टक्के. रात्री शेकोटीभोवती तोच 81 टक्क्यांवर गेला! यातल्या बहुतेक गोष्टी ओळखीच्या माणसांच्या होत्या: लग्नं, प्रवास, शिकारीतले प्रसंग, लांबच्या वस्तीत राहणारे सोयरे. आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पोराला, कधी न पाहिलेली आपली माणसं अशी कळत जात.

हे रात्रीच का घडावं? एक कारण उजेडात आहे. डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूला 'दिवस आहे' असं कळवतात, त्या 480 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात. लाकडाच्या जाळात निळा प्रकाश फारच थोडा असतो, त्यामुळे झोप आणणाऱ्या मेलाटोनिनमध्ये तो फारशी ढवळाढवळ करत नाही. पण मला त्याहून मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: हा उजेड बारीक कामाला अपुरा असतो, समोरचा चेहरा वाचायला मात्र पुरतो. हात मोकळे झाले की माणूस बोलतो.

आता बालपणाकडे येऊ. बहुतेक प्रौढांची सर्वांत जुनी आठवण साधारण साडेतीन वर्षांच्या वयाची असते. त्याआधीचं पुसलं का जातं, याचा एक धागा टोरांटोत उंदरांवर झालेल्या संशोधनात सापडला. लहान वयात मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी झपाट्याने तयार होतात आणि त्या भरात जुन्या जोडण्या विस्कटतात. पिल्लांमध्ये ही निर्मिती मंदावली, तेव्हा त्यांच्या आठवणी जास्त टिकल्या.

पण सगळं जीवशास्त्रावर सोडता येत नाही. न्यूझीलंडमध्ये 2000 साली झालेल्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या प्रौढांची पहिली आठवण सरासरी 43 महिन्यांची निघाली, तर तिथल्या मूळ रहिवासी माओरींची सुमारे 33 महिन्यांची. माओरी समाजात पूर्वजांच्या आणि कुळाच्या कथा मुलांच्या कानावर सतत पडतात. पुढच्या एका अभ्यासात असंही दिसलं, की माओरी आया मुलांना त्यांच्या जन्माची गोष्ट जास्त बारकाव्यांनिशी सांगतात. मोठ्यांनी 'मग काय झालं? अजून कोण होतं तिथे?' असं विचारत मुलाला बोलतं केलं, की त्या प्रसंगाला मनात धरून ठेवायला शब्द मिळतात. माझ्या दृष्टीने या साऱ्या संशोधनातला हा सर्वांत हृद्य भाग. आपलं बालपण काही अंशी दुसऱ्यांनी सांगून आपल्याला दिलेलं असतं.

याचाच दुसरा परिणाम म्हणजे आठवणींची सरमिसळ. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि ऐकलेले तपशील तिच्यात मिसळतात. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात 24 जणांना 'लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास' अशी बनावट गोष्ट घरच्यांच्या हवाल्याने सांगितली गेली. सुमारे पाव लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण 'आठवली'.

म्हणूनच 'विहिरीत मी पडलो होतो, तू नव्हे' असे भावाभावांचे वाद खोटेपणातून येतात असं समजू नये. जुळ्या भावंडांवरचा 2001 चा एक अभ्यास याच विषयावर आहे. एकच प्रसंग आपल्याच बाबतीत घडला असं दोघंही मनापासून सांगत होते. आणि अशा वादातल्या आठवणी त्यांना बिनवादाच्या आठवणींपेक्षा अधिक जिवंत, डोळ्यांपुढे घडल्यासारख्या वाटत होत्या.