लोहाच्या इंजेक्शनावरचा जुना संशय

खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात गरोदर बाईला रोज एक लाल गोळी घ्यायला सांगतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गोळी सोसली नाही किंवा हिमोग्लोबिन फारच उतरले, तर लोह शिरेतून चढवतात आणि तेव्हा ‘याने कॅन्सर होतो म्हणे’ अशी शंका निघते. तंबाखूच्या पट्ट्यात लोहाला भ्यावे, हे जरा विचित्रच. पण शंकेला इतिहास आहे.

१९५० च्या दशकात लोह-डेक्स्ट्रान हे गडद तपकिरी औषध कुल्ल्याच्या स्नायूत खोल टोचत. डाग पडू नये म्हणून कातडी आधी बाजूला ओढून धरत. १९५९ मध्ये, हेच औषध उंदरांना पुन्हा पुन्हा टोचल्यावर त्या जागी सार्कोमाच्या, म्हणजे स्नायूंसारख्या मऊ ऊतींच्या कर्करोगाच्या, गाठी झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि काही काळ ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले गेले. या निर्णयावर बराच वाद झाला, कारण वजनाच्या मानाने उंदरांना मिळालेली मात्रा रुग्णाच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी होती आणि माणसांत टोचल्या जागी गाठ आल्याच्या नोंदी मोजक्याच निघाल्या. सावधगिरी म्हणून तो निर्णय योग्यच होता. बिघडले ते पुढे, एका औषधावरचा संशय सरसकट लोहावर गेला तेव्हा. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लोह-डेक्स्ट्रान ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात राहिले, तर शर्करायुक्त लोहाला, ज्याच्या कुळातले औषध आज सर्रास शिरेतून देतात, तो शिक्का बसला नाही.

साचलेल्या लोहाचा धोका मात्र खरा ठरला. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारात यकृतात वर्षानुवर्षे लोह साठते आणि सिरोसिसनंतर, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण झाल्यावर, तिथे कर्करोग होण्याची शक्यता बरीच वाढते. त्याचे मुख्य जनुक १९९६ मध्ये सापडले. मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून डीएनएला इजा करणारे रेणू तयार करते. शिवाय झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला लोह लागतेच. २०१२ मध्ये ‘फेरॉप्टोसिस’ हे नाव मिळालेला, लोहावर अवलंबून असलेला पेशीमृत्यू कर्करोगाविरुद्ध वापरता येईल का, यावर तेव्हापासून संशोधन चालू आहे.

या चर्चेत उलटी बाजू झाकली जाते: आतड्याच्या गाठीतून नकळत रक्त झिरपले की लोह कमी होते. साठीच्या पुरुषाला तपासणीविना रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, तर शौच काळे होते आणि पोटातल्या रक्तस्रावाची खूण गोळीच्या नावावर खपते.