मंद आच, लांबलेली रात्र
अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘बार्बेक्यू’ म्हणजे जाळीवर झटपट भाजलेले मांस नव्हे. लाकडाच्या धुरात, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले मांस असा त्या शब्दाचा तिथला अर्थ आहे. ते कोणत्या प्राण्याचे, कोणत्या लाकडावर शिजवलेले आणि सोबत कोणता सॉस, यावरून करणारा कुठला ते ओळखता येते. टेक्सासमध्ये गाईच्या छातीचे मांस, म्हणजे ब्रिस्केट, ओकच्या लाकडावर शिजते. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर निखाऱ्यांवर ठेवून त्याला व्हिनेगर आणि मिरचीचे पाणी लावतात, तर त्याच राज्यातील लेक्सिंग्टनमध्ये डुकराचा फक्त खांदा घेतात आणि व्हिनेगरमध्ये थोडा टोमॅटो मिसळतात. बाहेरच्याला हा फरक किरकोळ वाटेल, पण तिथल्या माणसांचे गावपण त्यात गुंतलेले असते. लेक्सिंग्टनचा बार्बेक्यू महोत्सव 1984 पासून भरतो आहे, आणि टेक्सासच्या लॉकहार्ट गावाला तर तिथल्या विधिमंडळानेच राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवले आहे.

या अभिमानाचे मूळ मला मांसाच्या रसायनात दिसते. गाईला माणसासारखे गळ्याचे हाड नसते, त्यामुळे पुढच्या अंगाचा बराच भार छातीच्या स्नायूंना पेलावा लागतो. सतत राबणाऱ्या या स्नायूंत कोलॅजेन हे प्रथिन भरपूर असते. तीन पदर एकमेकांभोवती पिळून वळलेल्या दोरासारखी त्याची रचना असते, आणि म्हणूनच ते चिवट असते. मोठ्या आचेवर असे मांस ठेवले तर स्नायूतंतू आकसून पाणी बाहेर टाकतात, पण दोराचा पीळ सुटायला वेळच मिळत नाही आणि हाती वातड तुकडा येतो. उलट 110 ते 120 अंश सेल्सिअसच्या हवेत दहा-बारा तास ठेवले की कोलॅजेनचे हळूहळू जिलेटीन होते, आणि कोरडे पडू पाहणारे तंतू त्या जिलेटीनने ओलसर होतात. या कामाला वेळेवाचून दुसरा उपाय नाही.

यात सर्वांत कसोटी पाहणारा टप्पा मध्येच येतो. मांसाच्या आतले तापमान 65 ते 70 अंशांच्या आसपास पोहोचते आणि तिथेच अडते. विस्तव पेटलेला असूनही काटा कित्येक तास हलत नाही. चरबी किंवा कोलॅजेन वितळताना ही उष्णता खर्च होते, असा पूर्वी समज होता. ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञाने मांसाऐवजी पाण्याने भिजवलेला स्पंज तापवून पाहिला, तर त्याचेही तापमान तसेच अडले. चरबीच्या गोळ्याचे मात्र अडले नाही. म्हणजे कारण बाष्पीभवनाचे होते: घामाने आपले अंग गार राहते, तसे पृष्ठभागावरून उडणारे पाणी मांसाला थंड ठेवत होते. म्हणूनच अनेक पिटमास्टर, म्हणजे बार्बेक्यू शिजवणारे जाणकार, या टप्प्यावर मांस कागदात गुंडाळतात.

धुराचे कामही असेच बारकाईचे आहे. लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन हे द्रव्य जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगे तयार होतात आणि तो ओळखीचा धुरकट वास देतात. कापल्यावर कडेला दिसणारी गुलाबी पट्टी मात्र केवळ रंगाची असते. जळणातून निघालेला नायट्रिक ऑक्साइड वायू मांसातील मायोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनाशी बांधला गेल्याने ती उमटते, आणि चवीशी तिचा संबंध नसतो.

ही विद्या प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती कोणाच्या हातांतून आली हे सांगितलेच पाहिजे. दक्षिणेत जमिनीत चर खणून, रात्रभर निखारे सारत अख्खे प्राणी शिजवण्याचे काम मुख्यतः गुलामगिरीत जखडलेल्या कृष्णवर्णीय माणसांनी केले. मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीची प्रसिद्ध बार्बेक्यू परंपराही 1908 च्या सुमारास हेन्री पेरी या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने सुरू केली. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक खाटिकांनी आपली धुरी देण्याची रीत आणली.

अख्खे डुक्कर एका कुटुंबापुरते शिजवता येत नाही आणि एकट्याने राखताही येत नाही. रात्रभर कोणीतरी फावड्याने निखारे आणून खांद्यांखाली आणि मांड्यांखाली जास्त, मधल्या पातळ भागाखाली कमी, असे पसरावे लागतात, आणि चरबी ठिबकून भडका उडाला तर तो तत्काळ विझवावा लागतो. म्हणून पाळ्या लागतात, आणि पाळीवर नसलेलेही विस्तवापाशी बसून राहतात. टेक्सासमध्ये सकाळी ब्रिस्केटचा पेन्सिलीएवढ्या जाडीचा काप बोटावर आडवा टाकून पाहतात. तो दोन्ही बाजूंना लवला, पण तुटला नाही, तर मांस झाले.