रानभाज्या किती, आणि एकेकीत दडलंय किती

जैवविविधता कायदा २००२ सालचा. त्याप्रमाणे गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाची अशी वही उघडली तर तांदुळजा, घोळ, कुंजर, पाथरी, बोर अशी ओळीनं नावं सापडतील. ही झाली प्रजातींची यादी. श्रावणात भरणाऱ्या रानभाजी महोत्सवात टेबलावर मांडलेलं असतं तेही हेच. यादी लांब असली की विविधता जपली गेली असं आपण धरून चालतो. पण जनुकीय विविधता मोजायची तर त्या यादीतल्या एकाच नावापाशी थांबावं लागतं, आणि त्या नावाच्या झाडाझाडांत फरक किती, हे बघावं लागतं.

बोरावर हे सगळ्यात चांगलं कळतं. संक्रांतीला सुगडात पडणारी गावरान बोरं बांधावर आपोआप उगवलेल्या झाडांची. एक झाड मार्गशीर्षात पिकतं, दुसरं शिवरात्रीपर्यंत फळ धरून ठेवतं. एकाचं बोर आंबटढाण, दुसऱ्याचं पिठूळ, तिसऱ्याची आठळी एवढी मोठी की गर नावालाच. बोराच्या बऱ्याच वाणांत स्वतःच्या परागानं फळ धरत नाही. माश्या-मधमाश्या दुसऱ्या झाडाचा पराग आणतात तेव्हा धरतं. म्हणून आठळीतून उगवलेलं प्रत्येक रोप नव्या जुळणीचं असतं, आईची नक्कल नसतं.

उमराण या कलमी बोराच्या वाणाची बाग याच्या अगदी उलट. दोनशे कलमं असोत की दोन हजार, त्यांवर भरलेले डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, एकाच वाणाचे, म्हणजे जनुकांच्या हिशेबात जमिनीवर एकच झाड. फळं एकसारखी, तोडणी एकदम, बाजारात भावही एकसारखा. शेतकऱ्याला तेच हवं असतं आणि त्यात चूक काही नाही. फक्त भुरी रोगाला एक झाड बळी पडणारं निघालं की सगळी बाग तशीच निघते. गंमत अशी की त्या बागेत विविधता असते, पण मातीखाली. डोळा ज्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळासकट रोपावर, भरला ती रोपं गावरान आठळ्यांची, म्हणजे प्रत्येक खुंट वेगळा. कलमाच्या जोडाखालून फुटणारे बारीक पानांचे, काटेरी धुमारे नीट पाहिले तर दोन झाडांचे धुमारे सहसा तंतोतंत जुळत नाहीत. ते छाटावेच लागतात, नाहीतर खुंट वरच्या कलमाचं अन्नपाणी खातो. बांधावरची जुनी बोरं मात्र ‘काटे नकोत’ म्हणून सरसकट तोडली की वहीतलं ‘बोर’ हे नाव तसंच राहतं आणि आतला ऐवज जातो. यादी पाहणाऱ्याला हा तोटा कधीच दिसत नाही.

आणखी एक गफलत दिसण्यावरून होते. घोळ आणि चिघळ या दोन वेगळ्या प्रजाती. घोळीचं पान चमच्यासारखं, फुलाला बहुधा पाच पाकळ्या. चिघळ जमिनीला चिकटून पसरते, पान बारीक, पेऱ्यांवर पांढरट केस आणि पाकळ्या चार. इथं घोटाळा व्हायचं कारण नाही. पण नळाच्या सांडपाण्यावरची लुसलुशीत हिरवी घोळ आणि मुरमावरची लालसर, खुरटी घोळ पाहून ‘हे दोन वाण आहेत’ असं म्हणायची घाई होते. पाणी आणि ऊन बदललं की तेच झाड एवढं वेगळं दिसू शकतं.

खरं काय ते तपासायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. दोन्ही ठिकाणांहून बी आणा. एकाच ढिगातली माती भरून दहा-दहा कुंड्या करा, पाणी सारखं द्या, आणि कुंड्यांच्या जागा आठवड्यातून एकदा अदलाबदल करा. नाहीतर भिंतीच्या सावलीतली रांग वेगळी दिसेल आणि ते श्रेय तुम्ही जनुकांना द्याल. घोळ महिना-दीड महिन्यात फुलावर येते. एवढ्यावर निकाल लावू नका, कारण आईला मिळालेल्या पाण्याचा परिणाम बियांच्या वजनातून पहिल्या पिढीत डोकावतो. या कुंड्यांतलंच बी धरून पुन्हा लावा. दुसऱ्या पिढीतही लाल ती लाल आणि हिरवी ती हिरवी राहिली तर फरक जनुकांतला असं म्हणायला आधार मिळतो. दोन्ही सारख्या झाल्या तर तो फरक नळाचा होता.

बी गोळा करतानाही या दोन विविधतांचे हिशेब वेगळे. प्रजात जपायची तर एका निरोगी झाडाचं मूठभर बी पुरतं. जनुकीय विविधतेसाठी ते जवळपास निरुपयोगी. समजा एखादा गुण, उदाहरणार्थ पाण्याचा ताण सोसणं, शंभरातल्या पाचच झाडांत आहे. दहा झाडांचं बी घेतलं तर तो गुण हाती न लागण्याची शक्यता ६० टक्के. तीस झाडं घेतली तर ती २१ टक्क्यांवर येते, आणि ९५ टक्के खात्री हवी असेल तर ५९ झाडं लागतात. घोळीसारख्या, मुख्यतः स्वतःच्याच परागावर बी धरणाऱ्या भाजीत एका झाडाचं सगळं बी जवळजवळ सारखं, म्हणून झाडांची संख्या वाढवण्याला पर्याय नाही. शिवाय एकाच वावरात न थांबता चार वेगळ्या ठिकाणांहून घ्यावं. बोरात एका झाडाच्या आठळ्यांतही बराच फरक मिळतो, पण एकाच झाडाखाली वेचलेल्या सगळ्या आठळ्या एका आईच्या, हे विसरू नये.

सगळ्यात जास्त बिघडतं ते प्रमाणात. तांदुळज्याचं एखादं झाड खताच्या ढिगाजवळ कमरेएवढं वाढतं आणि हजारो बिया देतं; बांधावरचं बिचारं चिमूटभर. सगळं झोडपून एका पोत्यात ओतलं की नमुन्यात पन्नास झाडं असूनही बी एकाच झाडाचं भरतं. म्हणून झाडागणिक सारखी चिमूट, वेगळ्या पुडीत. आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नये, रानात पुढच्या वर्षी उगवायलाही काही राहिलं पाहिजे.

घोळीचं बोंड पिकलं की वरचं टोपण सुटतं आणि काळं बारीक बी मातीत जातं. बोंडं पिवळी पडू लागताच फांद्या कापून कागदावर पसराव्यात. फांद्या रसाळ असल्यानं वाळायला वेळ लागतो, मधून हलवलं नाही तर बुरशी धरते. वाळवणं सावलीतच, सोलापूरच्या उन्हात पत्र्यावर टाकलेलं बी भाजून निघतं. बोराच्या आठळ्यांचा गर धुऊन काढावा आणि पेरण्याआधी त्या १७-१८ टक्के मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. तरंगतील त्या पोकळ. बुडालेल्या साध्या पाण्यानं धुऊन घ्याव्यात. आठळी अलगद फोडून आतलं बी पेरलं तर आठवडाभरात उगवतं, अख्खी पेरली तर तीन-चार आठवडे लागतात.

पुडीवर भाजीच्या नावाबरोबर गाव, बांध की वावर, मातीचा प्रकार, तारीख आणि किती झाडांचं बी आहे तो आकडा लिहावा. नुसतं ‘तांदुळजा, मंगळवेढा’ एवढंच लिहिलेली पुडी नोंदवहीत एक ओळ वाढवते. ‘तांदुळजा, मंगळवेढा, काळी जमीन, ५० झाडं, प्रत्येकी एक चिमूट’ एवढं असेल तरच पुढं कुणाला त्यातून निवड करता येते.