इंजिनाचा हुंकार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या माझ्या मित्रानं घराच्या माळ्यावर मिरज ते कोल्हापूर ही खेळण्यातली रेल्वे मांडली आहे. मधे हातकणंगले, रुकडी. पंचगंगेवरचा पूल त्यानं स्वतः पत्रा कापून केलाय, आणि तो लई भारी झालाय. प्रमाण १:८७. या प्रमाणाचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे मिळतात, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेले. आपल्या १६७६च्या ब्रॉडगेजला खरं तर १९ मिलिमीटरहून जास्त लागतील. म्हणजे त्याची महालक्ष्मी एक्सप्रेस जराशा चिंचोळ्या रुळांवरून धावते. चालायचंच. १८९१ साली कोल्हापूरला रेल्वे आली तीसुद्धा मीटरगेजच होती.

हातातल्या कंट्रोलरवर गाड्या झकास पळत होत्या. पण त्याच्या मुलीला सिग्नल आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आपोआप बदलायला हवे होते. मग कंप्युटर जोडणं आलं.

जुन्या खेळण्यात रुळांतली वीज वाढवली की इंजिन जोरात पळायचं. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळायची. डिजिटल पद्धतीत रुळांत कायम सारखाच, साधारण १५ व्होल्टचा दाब असतो, फक्त त्याची दिशा सतत उलटसुलट होते. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून १९९०च्या दशकात याचं मानक ठरलं, त्याला डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) म्हणतात. दाब एका दिशेला ५८ मायक्रोसेकंद आणि दुसऱ्या दिशेला तेवढाच राहिला, की तो १. दोन्हीकडे १०० मायक्रोसेकंद राहिला, की ०. इंजिनातला नखाएवढा डिकोडर याच विजेवर जगतो आणि तीच वाचतो. जेवणाच्या ताटातच चिठ्ठी यावी तसं.

चिठ्ठी अशी: आधी निदान १४ वेळा १, म्हणजे ‘ऐका हो ऐका’. मग इंजिनाचा नंबर. नव्या डिकोडरचा नंबर बहुधा ३ असतो, म्हणून ००००००११. मग हुकूम, समजा ०१११०१००, म्हणजे अमुक वेगानं पुढं. शेवटी ताळा. नंबर आणि हुकूम एकाखाली एक मांडले, की समोरासमोरचे अंक सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. इथं तो ०१११०१११ येतो. चाकाखाली धूळ आली आणि एखादा अंक बिघडला, तर ताळा जमत नाही आणि इंजिन ती चिठ्ठी सरळ सोडून देतं. बिघडत काहीच नाही. अख्खी चिठ्ठी ६ मिलिसेकंदांत जाते आणि कंट्रोलर तीच पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

कंप्युटरला ही भाषा बोलायची गरज नसते. तो यूएसबीतून कंट्रोलरला साध्या अक्षरांत सांगतो, भाषांतर कंट्रोलर करतो. मित्राचा कंट्रोलर अर्डुइनो या छोट्या सर्किट-बोर्डावर बांधलेला, डीसीसी-ईएक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅमचा. त्याला टोकदार कंसात १ पाठवला की रुळांत वीज येते, ० पाठवला की जाते. कंप्युटरवर जेएमआरआय हे गाड्या चालवायचं मोफत सॉफ्टवेअर बसवायचं, त्यात कंट्रोलरचा प्रकार, पोर्ट आणि वेग (इथं सेकंदाला १,१५,२०० बिट) निवडायचा. संपलं.

पण आमचं संपलं नाही. पोर्टच्या यादीत कंट्रोलर दिसेचना. दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढले, घातले. शेवटी कळलं, केबल मोबाइल चार्जिंगची होती. तिच्यात विजेच्या तारा होत्या, माहितीच्या नव्हत्याच. शतांश मिलिमीटरचं माप धरणारा माणूस केबलीनं फसला, यावर त्याच्या मुलीनं बरेच दिवस टोमणे मारले.

खरी गंमत पुढं आहे. मूळ डीसीसीत हुकूम जातो, उत्तर येत नाही. मग इंजिनाला नवा नंबर दिला, तो त्याला कळला हे कसं समजायचं? त्यासाठी मुख्य मार्गापासून वेगळा रुळाचा एक तुकडा ठेवतात. तिथं इंजिन ठेवून कंप्युटरनं विचारायचं, ‘तुझा नंबर ३ का?’ बरोबर असेल तर डिकोडर सुमारे ६ मिलिसेकंद मोटर चालवून निदान ६० मिलिअँपिअर जास्त वीज ओढतो. कंट्रोलर ते टिपतो. इंजिन जागच्या जागी किंचित हिसकतं. आजीची गोष्ट ऐकताना पोरं ‘हूं’ म्हणायची, तसा हा हुंकार.

मुख्य मार्गावर मात्र गाडी कुठं आहे हे कंप्युटरला कळायला रूळ तुकड्यातुकड्यांनी तोडावे लागतात. ज्या तुकड्यात वीज ओढली जाते, तिथं गाडी. खऱ्या रेल्वेत १८७२पासून हेच उलट्या अंगानं होतं: रुळांतून वीज खेळती ठेवतात, गाडीचा आस तिला वाटेतच वळवतो, रिले (विजेवर धरलेला खटका) पडतो, सिग्नल लाल. तार तुटली तरी रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. आपल्या खेळण्यात तार तुटली तर रस्ता मोकळा दिसतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

तो फरक आम्हाला माळ्यावरच्या रुकडीत भेटला. महालक्ष्मीचा शेवटचा डबा सुटून मागं राहिला. डब्याला मोटर नाही, तो वीज ओढत नाही. कंप्युटरनं रुकडी मोकळी धरली, हिरवा दिला आणि मागून कोयना एक्सप्रेस येऊन त्याला धडकली.

उपाय काही आण्यांचा आहे. डब्याच्या आसावर दोन्ही चाकांना जोडणारा १० किलोओहमचा रेझिस्टर बसवायचा. त्यातून दीड मिलिअँपिअर वीज वाहते, संवेदक पुरेसा हळवा असेल तर तेवढ्यानं डबा सापडतो. मित्रानं तो बसवला. मुलीनं ब्रश घेऊन त्याच डब्याच्या पाठीवर पिवळी फुली काढली, कोल्हापूरच्या फलाटावर शेवटच्या डब्यावर असते तशी.