बेळगाव सीमाभागातून पॅरा स्नोबोर्डिंगकडे : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

कडबाकुट्टीत हात गेलेला, उद्यमबागेत पॉवर प्रेसखाली मनगट गमावलेला, किंवा पुणे-बंगळूर हायवेवरच्या अपघातानंतर गुडघ्याखाली पाय काढावा लागलेला तरुण आपल्या भागात शोधावा लागत नाही. त्यातले काहीजण भालाफेक, गोळाफेक, पोहणे याकडे वळतात. बर्फावरचा खेळ मात्र कुणी सुचवतही नाही. बेळगावात बर्फ नाही हे खरं. पण या खेळाची निम्मी तयारी कागदावरची आहे आणि ती बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीत बसूनच करायची असते. तिथेच मुलं अडतात, म्हणून ही माहिती.

आधी खेळ काय आहे ते. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून उतारावरून घसरत जायचं, हातात काठ्या नसतात. पॅरा स्नोबोर्ड पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला 2014 साली सोचीला, तोही अल्पाइन स्कीइंगचा, म्हणजे उतारावरच्या स्कीइंगचा, एक भाग म्हणून. 2018 च्या प्योंगचांगपासून तो स्वतंत्र खेळ झाला. पॅरालिम्पिकमध्ये शर्यती दोन प्रकारच्या. स्नोबोर्ड क्रॉसमध्ये उंचवटे, उड्या आणि वळणांच्या मार्गावर खेळाडू एकमेकांबरोबर धावतात. बँक्ड स्लॅलममध्ये एकेकटा उतरतो आणि त्याची सर्वांत चांगली वेळ धरली जाते. 2022 च्या जुलैपासून या खेळाचा जागतिक कारभार आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीकडून एफआयएस या स्की आणि स्नोबोर्डच्या जागतिक महासंघाकडे गेला आहे. इंटरनेटवर जुने फॉर्म अजून सापडतात. त्यांच्यावर वेळ घालवू नका.

कोण पात्र ठरतं

गट तीन आहेत. एसबी-एलएल1 मध्ये पायाचं मोठं अपंगत्व येतं, उदाहरणार्थ गुडघ्याच्या वर पाय कापलेला. एसबी-एलएल2 मध्ये त्यापेक्षा कमी, उदाहरणार्थ गुडघ्याखाली कापलेला. एसबी-यूएल हा हाताच्या अपंगत्वाचा गट. अवयव नसणं हेच एक कारण लागतं असंही नाही. पोलिओने किंवा मज्जातंतूच्या इजेने स्नायूंची ताकद गेलेली असणं, सांधा पूर्ण न वळणं, दोन पायांच्या लांबीत मोठा फरक असणं, सेरेब्रल पाल्सीसारख्या आजारामुळे स्नायू ताठर असणं किंवा तोल न सांभाळता येणं, ही कारणंही धरली जातात. मात्र प्रत्येकासाठी किमान मर्यादा आहे. एखादं बोट गेलं म्हणून पात्रता मिळत नाही. नुसतं दुखणं, लवकर दमणं किंवा ऐकू न येणं यावरही मिळत नाही.

हा उभ्याने खेळायचा खेळ आहे. जे कायम व्हीलचेअरवर आहेत त्यांच्यासाठी बसून खेळायचं पॅरा अल्पाइन आणि नॉर्डिक स्कीइंग आहे. अंध खेळाडू त्याच खेळांत मार्गदर्शकाबरोबर उतरतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचा रस्ता पूर्ण वेगळा, तो स्पेशल ऑलिम्पिक्स भारतमार्फत जातो.

मुलींच्या पालकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गट असणं आणि त्या गटाची पदकाची शर्यत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीजिंग 2022 मध्ये पुरुषांच्या तिन्ही गटांना शर्यती होत्या, महिलांच्या फक्त एलएल2 ला. अमेरिकेची ब्रेना हकाबी एलएल1 गटातली. कमी अपंगत्वाच्या गटात तरी उतरू द्या, यासाठी तिला जर्मनीच्या कोर्टात जावं लागलं. परवानगी मिळाली आणि तिने बँक्ड स्लॅलमचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा हाताचं अपंगत्व असलेल्या मुलीने आधी सध्याच्या शर्यतींची यादी पाहावी आणि मगच घरच्यांच्या पैशाला हात घालावा.

पहिला कागद : यूडीआयडी

केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे देशभर चालणाऱ्या अपंगत्व ओळखपत्राचा, अर्ज भरायचा. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुनं अपंगत्व प्रमाणपत्र असेल तर ते, एवढं लागतं. ऑनलाइन जमत नसेल तर गावच्या ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात, सगळे त्यांना व्हीआरडब्ल्यू म्हणूनच ओळखतात. त्यांना गाठा. तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू, म्हणजे तालुक्याचे पुनर्वसन कार्यकर्ते, असतात. तपासणीचं बोलावणं बहुधा बेळगावच्या सिव्हिलमध्ये येतं. जाताना एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद मूळ प्रतींसह न्या. 2024 च्या सुधारित नियमांनुसार कार्डाचे रंग ठरलेत : 40 टक्क्यांच्या आत पांढरं, 40 ते 80 पिवळं, 80 आणि त्यावर निळं.

या टक्क्यांवरच सर्वांत मोठा गैरसमज आहे. ते आपल्या देशातल्या सवलती आणि योजनांसाठी आहेत. स्नोबोर्डचा गट ठरवणारं पॅनेल टक्के विचारत नाही, ते ताकद, सांध्याची हालचाल आणि अवयवाची लांबी स्वतः मोजतं. 70 टक्क्यांचं कार्ड असलेला अपात्र ठरू शकतो, 45 वाला पात्र. म्हणून जास्त टक्क्यांसाठी डॉक्टरांच्या मागे लागू नका. ती धडपड दवाखान्याचे जुने कागद शोधण्यात घाला. अपघात दहा वर्षांपूर्वीचा असेल तर दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन डिस्चार्ज समरीची प्रत मागा. मिळाली नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडून नवा तपशीलवार अहवाल आणि नवा एक्स-रे करून घ्या. कुठल्या पातळीवर अवयव कापला आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

नावाचा घोळ

आपल्या भागात अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इथे. शाळेचा दाखला मराठी, जन्म दाखला कन्नड, आधार इंग्रजीत, आणि तिन्हींवर नाव तीन तऱ्हेचं. गणपतीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी मधला 'ए' असतो, दुसरीकडे नसतो. लक्ष्मण कुठे 'एक्स' घालून लिहिलेला, कुठे 'के-एस-एच' घालून. आडनाव एका कागदावर पुढे, दुसऱ्यावर गायब, तिसऱ्यावर फक्त आद्याक्षर. गावात त्याने काही बिघडत नाही. परदेशातल्या स्पर्धेत मात्र पासपोर्ट, वैद्यकीय फॉर्म आणि खेळाडू नोंदणी या तिन्हींवरचं नाव अक्षर न अक्षर जुळावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी जन्म दाखला आणि दहावीचं गुणपत्रक समोर ठेवून एकच स्पेलिंग ठरवा, मग आधार दुरुस्त करा, त्यानंतर यूडीआयडी आणि शेवटी पासपोर्ट. यूडीआयडी आधी काढून आधार नंतर बदललं की दुप्पट खेपा होतात.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या कितीतरी मुलांचा जन्म दाखला चंदगड किंवा गडहिंग्लजचा, म्हणजे महाराष्ट्राचा असतो. तो पूर्ण वैध आहे, बदलायची गरज नाही. जन्म कुठे झाला आणि आज राहता कुठे, हे दोन वेगळे रकाने आहेत. अर्ज राहत्या जिल्ह्यातूनच करायचा. दोन राज्यांतून दोन प्रमाणपत्रं काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पुढे तेच अंगाशी येतं. उत्पन्न आणि रहिवासी दाखले नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कार्यालयातून, मिळतात. कन्नड कागदाचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून दोन-तीन प्रती आताच ठेवा.

पासपोर्टसाठी बेळगावातच टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. 36 पानी साध्या पासपोर्टची फी प्रौढांना 1500 रुपये, तत्काळला आणखी 2000.

खेळाडू म्हणून नोंद

एफआयएसकडे खेळाडू स्वतः थेट अर्ज करू शकत नाही. नाव राष्ट्रीय संस्थेमार्फतच जातं. पॅरालिम्पिकचा प्रवेश भारतीय पॅरालिम्पिक समितीमार्फत, म्हणजे पीसीआयमार्फत होतो. आपण कर्नाटकात राहत असल्यामुळे राज्य पातळीवरची नोंदणी कर्नाटकातून करायची, चंदगडकरांनी महाराष्ट्रातून. हिवाळी खेळ शिकवतो म्हणून पैसे मागणारी एखादी संघटना भेटली तर ती पीसीआयशी संलग्न आहे का, हे आधी लेखी विचारा. पावतीशिवाय रुपयाही देऊ नका.

यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा कागद, वैद्यकीय निदानाचा फॉर्म. तो इंग्रजीत, तज्ज्ञ डॉक्टरांनीच भरायचा असतो, सही-शिक्क्यासह, आणि सोबत अहवाल जोडायचे. डॉक्टर घाईत दोन शब्दांत निदान लिहितात. त्यांना नम्रपणे सांगा की स्नायूंची ताकद, सांध्याची हालचाल, कापल्याची पातळी हे तपशील लिहिले नाहीत तर पॅनेल तपासणीलाच बोलावणार नाही.

पॅनेलमध्ये किमान दोन परीक्षक असतात. ते शरीर तपासतात, फळीवरच्या हालचाली पाहतात, आणि गरज वाटली तर प्रत्यक्ष शर्यतीतही निरीक्षण करतात. निकालात गट मिळतो आणि दर्जा : कायम, किंवा पुन्हा तपासणी. पहिल्या पॅनेलने किमान मर्यादेवरून अपात्र ठरवलं तर दुसरं पॅनेल पुन्हा तपासतं. हरकत घ्यायची तर तीही राष्ट्रीय संस्थेमार्फत आणि मुदतीत. तपासणीत मुद्दाम कमी ताकद दाखवू नये. पकडलं गेलं तर बंदी येते आणि खरा गटही हातचा जातो.

पाय आणि बर्फ

रोजच्या चालण्यासाठी बसवलेला कृत्रिम पाय स्नोबोर्डला पुरत नाही. उतारावर गुडघा आणि घोटा सतत दबतो, परत उसळतो. त्या पायात ही सोय नसते. अमेरिकेचा माइक शुल्ट्झ 2008 च्या स्नोमोबिल अपघातात पाय गमावून बसला. त्याने सायकलचा शॉक ॲब्सॉर्बर वापरून स्वतःच गुडघा बनवला, तो गुडघा पुढे इतर खेळाडूंनीही वापरला, आणि 2018 मध्ये त्याने एलएल1 गटाचं स्नोबोर्ड क्रॉस जिंकलं. असा पाय महाग असतो. साध्या कृत्रिम अवयवासाठी केंद्राच्या एडिप योजनेत अर्ज करता येतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. खेळाच्या पायासाठी मात्र देणगीदार किंवा कंपन्यांचा सीएसआर निधी शोधावा लागतो. हाताचं अपंगत्व असलेल्यांना सुरुवातीला हा खर्च नाही, म्हणून यूएल गटातल्या मुलांनी तरी मागे राहू नये असं मला मनापासून वाटतं.

बर्फावर जाण्याआधी तोल कमवा. बेळगावात स्केटिंगची चांगली परंपरा आहे, रिंक आहेत, प्रशिक्षक आहेत. आडवं उभं राहून वजन टाचेवरून चवड्यावर नेण्याचा सराव इथे होऊ शकतो.

बर्फासाठी ठिकाणं ठरलेली : गुलमर्ग, मनालीजवळचं सोलंग, उत्तराखंडातलं औली. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेत आणि गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत हिवाळ्यात अभ्यासक्रम चालतात. प्रवेश अर्जासोबत तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. कृत्रिम पाय किंवा एक हात असल्याचं अर्जाआधीच पत्राने कळवा आणि लेखी उत्तर घ्या. तिथे पोचल्यावर परत पाठवलं तर भाडंही गेलं आणि हंगामही. जाताना गोवा एक्स्प्रेसने बेळगावहून थेट दिल्ली गाठता येते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत 75 टक्के सवलत आहे, सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग कार्ड ऑनलाइन काढून ठेवा.

युरोपातल्या स्पर्धेचं निमंत्रण आलं तर शेंगेन व्हिसाचा अर्ज बंगळूरला द्यावा लागतो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान पंधरा दिवस आधी. प्रौढांची फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. साधा पर्यटन विमा घेताना पॉलिसीत स्पर्धात्मक हिवाळी खेळ वगळलेले नाहीत ना, ते बारीक अक्षरात वाचा. वगळलेले असतील तर वेगळी पॉलिसी घ्या.