चिनी अभिजात कवितेतले शरदातले डोंगर

चिनी कवितेत शरद ऋतू आणि डोंगर ही जोडी खूप जुनी आहे, पण ती खरी बहरली थांग राजवटीत (६१८ ते ९०७). त्याच्या कितीतरी आधी, सोंग यू या प्राचीन कवीच्या नावावर असलेल्या रचनेपासून, शरद म्हणजे उदास व्हायचा ऋतू असं जवळजवळ ठरूनच गेलं होतं, पानं गळतात, वर्ष संपत येतं, माणसाला आपलं वय आठवतं. त्यात नवव्या चांद्र महिन्याच्या नवमीला उंच जागी चढायची रीत, त्यामुळे डोंगरावर उभं राहून घरच्यांची आठवण काढणाऱ्या कविता ढिगाने सापडतात. ल्यू यूशी या कवीने (७७२ ते ८४२) मात्र सरळ सांगून टाकलं की मला शरदाचा दिवस वसंतातल्या सकाळीपेक्षा सरस वाटतो.

वाचायला सुरुवात करावी ती वांग वेईच्या डोंगरातल्या शरद-संध्याकाळच्या कवितेपासून. आठव्या शतकातला हा कवी चित्रकारही होता आणि बौद्धही, राजधानी चांगआनच्या (आजचं शीआन) दक्षिणेला चोंगनान डोंगररांगेत तो राहायचा. कविता आठ ओळींची, ओळीत पाच अक्षरं, म्हणजे सगळी मिळून फक्त ४०. रिकामा डोंगर, नुकताच पाऊस पडून गेलाय, संध्याकाळच्या हवेत शरद जाणवतोय. मग पाइनच्या झाडांमधून चांदणं पडतं, दगडांवरून झरा वाहतो. या प्रकारात दोन-दोन ओळींची एक जोडी असते, आणि मधल्या दोन जोड्यांमध्ये ओळीसमोर ओळ उभी राहावी लागते, नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद, म्हणून इथे चंद्रासमोर झरा येतो, पाइनसमोर दगड, वर उजेड आणि खाली पाणी. हे एकदा कळलं की ओळी एकामागून एक भराभर वाचून संपवाव्याशा वाटत नाहीत, शेजारी शेजारी ठेवून बघत बसावंसं वाटतं, आणि खरा आनंद तिथेच आहे. पुढे बांबूत गलबला होतो कारण कपडे धुऊन बायका घरी निघाल्यात, कमळं हलतात कारण मासेमारीची होडी चाललीय. आधी आवाज, आधी हालचाल, माणूस नंतर, म्हणजे तो रिकामा डोंगर तसा रिकामा नव्हताच! शेवटी कवी एका जुन्या कवितेला उलटं उत्तर देतो. तिच्यात राजपुत्राला विनवलंय की परत ये, डोंगरात फार काळ राहू नये, आणि वांग वेई म्हणतो की वसंताची फुलं गेली तर जाऊ देत, राहणाऱ्याने खुशाल राहावं.

दू फूचा (७१२ ते ७७०) शरद याच्या अगदी उलटा, तो सोसायला जड जातो. ७६७ साली यांगत्सेच्या घळींजवळ ख्वेईचौला, आजारी आणि घरापासून लांब असताना, त्याने उंचावर चढण्याची कविता लिहिली. पानं संपता संपत नाहीत अशी गळतायत, नदी थांबता थांबत नाही अशी येतेय. हीही आठ ओळींची, यात नियमाने दोन जोड्या समांतर हव्यात, त्याने चारही तशाच बांधल्यात, तरी वाचताना कारागिरी आड येत नाही, एकट्या म्हाताऱ्या माणसाची धाप ऐकू येते.

लाल पानांसाठी दू मू (८०३ ते ८५२) वाचावा. २८ अक्षरांत दगडी वाट, ढगांत दिसणारी वस्ती, आणि संध्याकाळचं रान आवडलं म्हणून थांबवलेली गाडी, गोठलेल्या दवाने पोळलेली पानं त्याला वसंतातल्या फुलांपेक्षा लाल दिसतात. चांगशा शहराजवळ युएलू डोंगरावर १७९२ साली बांधलेल्या एका मंडपाला नंतर याच कवितेवरून नाव मिळालं, शरदात लोक तिथे लाल पानं बघायला जातात.